सालोमीचं पानी

कार्मिन पहिल्या खेपेला नापास झाली ती एका अक्षरापायी.

साल सत्याहत्तर. एसएससीला मराठीत एकाहत्तर मार्क, शुद्धलेखनात एक चूक नाही, आणि वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातून शिक्षिका व्हायला निघालेली पहिली मुलगी. विरारच्या बाजूला नव्यानेच निघालेल्या एका अध्यापिका विद्यालयात तिची मुलाखत होती. टेबलामागे तिघं बसले होते. एकाने धडा वाचायला दिला, तिने तो न अडखळता वाचला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आता नुसतं 'पाणी' म्हणा."

"पानी," कार्मिन म्हणाली.

"पाणी."

"पानी."

"मी काय म्हणतोय आणि तुम्ही काय म्हणताय, त्यात फरक कळतोय का तुम्हाला?"

कार्मिनने खरं ते सांगितलं. "नाही, सर. तुमी म्हनता तेच मी म्हनते."

तिघं एकमेकांकडे बघून हसले. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, पण यादी लागली तेव्हा तिच्यात कार्मिनचं नाव नव्हतं.

तिला खरोखरच फरक कळत नव्हता. कागदावर कुठे बाणातला ण आणि कुठे नळातला न, हे तिने शब्दाशब्दाने पाठ केलं होतं. डोळ्याला दोन अक्षरं दिसत होती, कानाला मात्र एकच ऐकू येत होतं. घरी येऊन तिने आईला, सालोमीला, हे सांगितलं. सालोमी जवळा पाखडत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "त्यांचं पानी आनि आपलं पानी, तहान दोन्हीनं भागते ना? मग?" आणि विषय संपवला. पण रात्री जेवताना लेकीच्या ताटात तिने कालवणातली मोठी तुकडी घातली. तिची समजूत काढायची रीत अशीच होती.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरांनी सांगितलं की, आपल्याच वसईची एक मुलगी मोठा अभ्यास करते आहे, तिला मदत हवी आहे. मग ती स्वतः पुढे आली. डेल्फिन तिचं नाव. माणिकपूरच्या पुढे एक वाडी आहे, केळीच्या आणि पानवेलीच्या बागांची. तिथल्या जुन्या घरातली ती. मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायची. तिशी नुकतीच ओलांडलेली, सुती साडी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत कॅसेटचा टेपरेकॉर्डर. ती म्हणाली की घरी एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा, असं ज्यांचं असतं, त्यांचा कान शाळेच्या भाषेतले आवाज कसे ओळखायला शिकतो, हे तिला शोधायचं आहे. ती असंही म्हणाली, "मी परकी नाही. माझ्याही घरी वेगळंच बोलतात."

लोक पांगल्यावर कार्मिन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "टीचर, मला फरक ऐकू येत नाय. येईल काय?"

डेल्फिनने तिच्याकडे नीट पाहिलं. "बघू या की," ती म्हणाली.

चर्चशेजारी मुलांच्या धर्मशिक्षणाची खोली होती. आठवड्यातून तीन दुपारी ती त्यांना मिळाली. पहिल्या दिवशी डेल्फिनने टेप लावली. एक आवाज एक शब्द म्हणे, कार्मिनने कागदावर न किंवा ण यापैकी एकाखाली खूण करायची. मन, मण. सन, सण. तण, तन. खाण, खान. असे साठ शब्द. कार्मिन कान टवकारून ऐकत होती. मोजणी झाली तेव्हा एकतीस बरोबर आले.

"अर्धे आले, टीचर," कार्मिन खूश होऊन म्हणाली.

"डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी अर्धे आले असते," डेल्फिन म्हणाली, आणि कार्मिनचा चेहरा उतरलेला पाहून तिच्या शेजारी येऊन बसली. "तुझा कान बहिरा नाही. तुला जवळा कुठला आणि करंदी कुठली ते लांबूनही कळतं. मुंबईच्या बाईला विचार, ती दोन्हीला बारीक कोळंबी म्हणेल. तिला दिसत नाही असं नाही. तिला दोन टोपल्या माहीत नाहीत, म्हणून ती सगळं एका टोपलीत टाकते. तुझा कान तेच करतो. लहानपणापासून त्याला एकच टोपली पुरली. आता दुसरी ठेवायची."

दुसरी टोपली ठेवायला नऊ आठवडे लागले. डेल्फिनची पद्धत साधी होती आणि चिवट होती. एकच आवाज ती पुन्हा पुन्हा ऐकवत नसे. तिने कुठून कुठून आवाज गोळा केले होते: एका म्हाताऱ्या मास्तरांचा, घाटावरच्या एका भाजीवालीचा, तिच्या कॉलेजातल्या शिपायाचा, सहा वर्षांच्या मुलीचा, सर्दी झालेल्या एका वकिलाचा. प्रत्येक शब्दानंतर कार्मिनने खूण केली की डेल्फिन लगेच मान हलवून बरोबर की चूक ते सांगायची. कारण सांगायची नाही. "कारण जिभेला लागतं," ती म्हणायची. "कानाला फक्त सवय लागते."

सुरुवातीला कार्मिनला वाटे की आपण नुसता अंदाज बांधतोय. म्हाताऱ्या मास्तरांचा ण तिला कळू लागला, पण भाजीवालीचा कळेना. मग भाजीवालीचा कळला, तर लहान मुलीशी अडली. असं करता करता एका बाजाराच्या दिवशी ती माणिकपूरच्या नाक्यावर सुतळी घ्यायला थांबली होती. दुकानदार आतल्या पोऱ्याला म्हणाला, "वजन आण." आणि कार्मिनला ते ऐकू आलं. एकाच दमात दोन्ही, आधी न, मग ण. वजनातला न सरळ आला आणि आणमधला ण जीभ मागे दुमडून, जरा जड, टाळूला टेकून. ती सुतळी विसरून तिथेच उभी राहिली. रस्त्यावरची माणसं बोलत होती आणि त्यांच्या बोलण्यात इतके ण होते की ते आजवर कुठे लपले होते, असं तिला झालं. कोण, पण, आणि, म्हणून, जेवण, कारण. ती तिथून जवळजवळ धावतच डेल्फिनच्या घरी गेली. डेल्फिनने तिला मिठीच मारली, वर नारळाच्या करंज्या खायला घातल्या.

त्या दिवशी घरी पोचली तेव्हा सालोमी ओट्यावर बसली होती. दमलेली होती. म्हणाली, "कार्मिन, जरा पानी दे गो."

कार्मिन तांब्या घेऊन आली. काहीतरी खटकलं होतं. आईने नेहमीचाच शब्द म्हटला होता, आणि त्या शब्दाच्या मधोमध कार्मिनला चूक ऐकू आली. डेल्फिनची मान 'नाही' म्हणून हलावी तशी. तिने ते मनातून झटकून टाकलं.

पुढच्या सहा महिन्यांत कार्मिन डेल्फिनचा उजवा हात झाली. साठपैकी सत्तावन्न, अठ्ठावन्न येऊ लागले. पूर्वी कधीच न ऐकलेला आवाज लावला तरी येऊ लागले. डेल्फिन म्हणाली, "आता तू आवाज पाठ केलेले नाहीस. आता तुझा कान शिकलाय." तिने कार्मिनला पुस्तकं दिली, मुलाखतीची तयारी करून घेतली, जीभ कुठे लावायची ते आरशासमोर बसवून दाखवलं. "तू मला धाकट्या बहिणीसारखी आहेस," असं ती एकदा म्हणाली. कार्मिनला सख्खी बहीण नव्हती. तिने ते वाक्य फार जपून ठेवलं.

मग डेल्फिनला बोलणाऱ्या बायका हव्या झाल्या. शिकलेल्या नव्हे, घरची बोली बोलणाऱ्या. त्यांनी मोकळेपणाने बोलायचं आणि तिने टेप करायचं. कोळीवाड्यातल्या बायका काही परक्या बाईच्या यंत्रासमोर बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कार्मिन घरोघर फिरली. रोझलीनकाकू म्हणाली, "आमचं बोलनं नेऊन करनार काय? हसायला?" कार्मिनने तिला समजावलं. डेल्फिनने तिला सांगितलं होतं तेच तिने सांगितलं: टीचरशिवाय दुसरं कोणी ऐकणार नाही, आणि अभ्यास झाला की सगळं पुसून टाकणार. बारा बायका तयार झाल्या. तेरावी सालोमी.

सालोमीची सगळ्यांत जास्त ना होती. "आय, ती पुसनार हाय," कार्मिन म्हणाली. घरी ती अजून घरच्यासारखंच बोलायची. "मी सांगते ना."

"तू सांगतेस म्हनून," सालोमी म्हणाली आणि धुतलेलं लुगडं नेसून गेली.

डेल्फिनने कार्मिनला बाहेर बसायला सांगितलं. ओळखीचं माणूस समोर असलं की बोलणं बिचकतं, असं तिचं म्हणणं. तिला पाणी हा शब्द वारंवार हवा होता, म्हणून ती प्रत्येक बाईला पाण्याबद्दलच विचारत असे: तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचात, कसं आणायचात. बाकीच्या बायका दहा-बारा मिनिटांत बाहेर आल्या होत्या. सालोमीला पाऊण तास लागला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय बोललीस गो एवढं?"

"इचारलं ते सांगितलं," सालोमी म्हणाली. आणि थोडं चालून गेल्यावर, "चांगली हाय तुझी टीचर. ऐकते नीट."

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये कार्मिन दुसऱ्यांदा मुलाखतीला गेली. तोच माणूस समोर होता. "पाणी म्हणा," तो म्हणाला. ती म्हणाली. त्याने पुढचा प्रश्न विचारला. यादीत तिचं नाव सातवं होतं. डेल्फिनला सांगायला गेली तर ती पुण्याला गेली होती. नंतर तिचं पाचूबंदरला येणं कमी झालं आणि मग थांबलं. तिला डॉक्टरेट मिळाल्याचं फादरांकडून कळलं. कार्मिनने अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. उत्तर आलं नाही, पण मोठ्या माणसांना कामं असतात, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत, म्हणजे ऐंशी साल उजाडल्यावर, उच्चाराच्या तासाला गुप्ते बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. मराठी शिकवणाऱ्या या बाई शिस्तीच्या, पण मनाने मऊ होत्या. त्यांनी सांगितलं की भाषाशुद्धीसाठी एक कॅसेट नव्याने तयार झाली आहे आणि ती राज्यातल्या बावीस अध्यापक विद्यालयांना पाठवली आहे. खेड्यापाड्यात शिकवायला जाल तेव्हा मुलांच्या चुका आधी ऐकू यायला हव्यात. आता एक बाई बोलेल. ती जिथे जिथे णच्या जागी न म्हणेल तिथे कागदावर खूण करायची. 'पाणी' या शब्दाची मोजणी वेगळी ठेवायची. शेवटी किती झाल्या ते लिहायचं. दहा गुण.

टेप फिरू लागली. आधी खरखर, मग एक आवाज.

"आमच्याकडं विहिरीला खारं पानी. तोंडात धरवत नाय."

कार्मिनच्या हातात पेन्सिल होती. पहिल्या तीन शब्दांतच तिने आवाज ओळखला. हात मात्र खूण करून मोकळा झाला होता.

"मग गोडं पानी आनायला आमी वरती जायचो, बागायतीत." इथे टेपमध्ये एक बारीकसा झटका बसला, काही तरी कापून जोडल्यासारखा. "तिथल्या विहिरीवर. आमाला रहाटाला हात लावू देत नव्हते. त्यांच्यातली कोनीतरी येनार, ती पानी ओतनार. तवर बसायचं. ऊन असो, काय असो."

मागच्या बाकावर कोणीतरी हळूच म्हणालं, "कोनीतरी येनार," आणि दोघीतिघी खुदखुदल्या. कार्मिनच्या पेन्सिलीने आनायला, कोनीतरी, येनार, ओतनार सगळं टिपलं होतं. पाणीच्या खाली तीन खुणा होत्या. आवाज तिच्या कानात शिरत होता आणि अर्थ मागे, कुठेतरी लांब, पोचायचा राहत होता. नऊ आठवड्यांची सवय होती ती. कान आपणहून निवडत होता, आणि तो निवडत असताना बाकीचं काही आत येत नव्हतं.

"मला सातवा लागला होता. पयलाच. सासू म्हनाली, पानी कोन आननार मग? म्हनून गेली. येताना वाटेत पोटात कळ आली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. पयलं पानी खाली ठेवलं. सांडू दिलं नाय. एवढ्या लांबून आनलेलं पानी. मग बसली."

वर्ग हसला. चाळीस जणींपैकी बहुतेकजणी हसल्या. त्यांनी ऐकलं ते 'आनलेलं पानी', एकापाठोपाठ एक, आणि ते ज्या ठसक्यात आलं तो ठसका. गुप्ते बाईंनी बोट ओठांवर ठेवलं, पण त्याही गालात हसत होत्या.

"पोर गेलं तिथंच. बायांनी लुगडं आडवं धरलं. मुलगा होता. मग कोनी म्हनालं हिला पानी द्या, तर त्याच हंड्यातलं पानी दिलं. उरलं ते पानी घरी आनलं. सासूनं इचारलं, कमी कसं झालं."

इथे मात्र दोघीतिघी गप्प झाल्या. बाकीच्या मान खाली घालून मोजत होत्या. टेप आणखी काही मिनिटं चालली आणि खट्कन थांबली.

कार्मिनच्या कागदावर पाणी या शब्दाखाली एकोणीस खुणा होत्या. तेव्हा कुठे अर्थ येऊन पोचला. ती स्वतः घरातली थोरली, असंच तिला आजवर माहीत होतं. आपल्याआधी कोणी होतं, आणि ते रस्त्यावर गेलं, हे तिच्या आईने तिला कधी सांगितलं नव्हतं. ते तिने एका परक्या बाईला सांगितलं होतं. लेकीच्या शब्दावर सांगितलं होतं.

उठावं, असं तिच्या मनात आलं. ही माझी आय आहे, बंद करा, असं म्हणावं. ती उठली नाही. कागद गोळा करणारी मुलगी आली तेव्हा तिने कागद दिला. दुसऱ्या दिवशी गुप्ते बाईंनी वर्गात सांगितलं की एकोणीस ही संख्या अचूक फक्त एकीची आली, आणि कार्मिनला उभं राहायला सांगितलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती उभी राहिली आणि टाळ्या संपेपर्यंत उभी होती. पुढे कितीतरी वर्षं डेल्फिनने केलेलं तिला आठवे तेव्हा राग येई, पण हे उभं राहणं आठवलं की लाजेने ती हातातलं काम टाकून उठे.

रविवारी ती डेल्फिनच्या वाडीत गेली. घराला नवा रंग दिला होता. डेल्फिन ओटीवरच होती, तिने मोठ्या आनंदाने हाक मारली. कार्मिन बसली नाही.

"टीचर, आमच्या वर्गात कॅसेट लावली."

डेल्फिनला कळायला क्षणभर लागला. मग तिने हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. "नाव कुठे आहे त्यात? कोणालाही कळणार नाही कोणाचा आवाज आहे ते."

"मला कळलं."

"तुझं वेगळं."

"तुमी पुसनार होता." कार्मिनच्या तोंडून घरचा न बाहेर पडला. डेल्फिनची नजर तिच्या ओठांवर गेल्याचं तिने पाहिलं.

"पुसायला घेतली होती. खरंच," डेल्फिन म्हणाली. "पण इतकं स्वच्छ बोलणं, एकही शब्द अडखळलेला नाही. असं पुन्हा मिळालं नसतं. शिक्षण खात्याने कॅसेट मागितली तेव्हा माझ्याकडे हेच सगळ्यांत चांगलं होतं. आणि कोणासाठी केलं मी हे? तुझ्यासारख्याच मुलींसाठी ना? तुला नाही का उपयोग झाला?"

"ते माझं भावंड होतं, टीचर."

"मी त्याच्याकडे भाषा म्हणून बघते, कार्मिन. तसं बघावं लागतं."

घरातून डेल्फिनच्या म्हाताऱ्या आईने वाडीच्या बोलीत विचारलं की कोण आलंय. डेल्फिनने पुस्तकी मराठीत उत्तर दिलं, "कोणी नाही गं, ओळखीची मुलगी आहे." तेवढ्यात कार्मिनची नजर ओटीच्या पलीकडे गेली. बागेच्या तोंडाशी दगडी विहीर होती, पायऱ्यांची, वर जुना रहाट. तिथे बसायला एखाद्या झाडाचीही सावली नव्हती. टेपमधला तो झटका तिला आठवला.

"एका ठिकाणी कापलंय," ती म्हणाली. "आय विहिरीचं नाव घेते, तिथं. कुठल्या वाडीचं नाव होतं ते?"

डेल्फिन घडी केलेलं वर्तमानपत्र पुन्हा उलगडू लागली.

"या वाडीचं ना?"

"लोकांना उगाच कशाला," डेल्फिन म्हणाली. "जुन्या गोष्टी आहेत. माझ्या आजीच्या काळातल्या."

"माझ्या आयच्या काळातल्या," कार्मिन म्हणाली. "नाव राखायचं ते तुमी राखलंत, टीचर." आणि ती निघाली. डेल्फिन फाटकापर्यंत तिच्या मागे आली, काहीतरी सांगत होती, की ती पत्र लिहील, कॅसेट परत मागवेल. ते पत्र तिने लिहिलं की नाही, कार्मिनला कधी कळलं नाही. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत.

आईला सांगायला तिला आणखी चार दिवस लागले. सालोमी अंगणात बोंबील वाळत घालत होती. कार्मिन दुसऱ्या बाजूने वाळत घालू लागली.

"आय, टीचरनं टेप पुसली नाय."

सालोमीचे हात चालूच होते. "कोनी ऐकली?"

"आमच्या वर्गानं. चाळीस पोरींनी."

"हसल्या?"

"हसल्या."

"कुठं?"

"तू पानी खाली ठेवलंस, तिथं."

सालोमीने एक बोंबील दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, दोरीवर टाकला. "आनि तू?"

कार्मिनला खोटं बोलता आलं असतं. "मी मोजत होते," ती म्हणाली. "तू कितीदा पानी म्हनालीस ते."

"कितीदा म्हनली?"

"एकोनीसदा."

"बरोबर आलं?"

"हो."

सालोमीने मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. उरलेले बोंबील दोघींनी मिळून टाकले. टोपली रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "मी तुझ्या बाला पन ते सांगितलं नव्हतं कसं झालं ते. त्याला वाटतं घरी झालं." आणि टोपली धुवायला निघून गेली.

सोमवारी कार्मिनने गुप्ते बाईंना तास संपल्यावर गाठलं आणि तो आवाज कोणाचा ते सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आणि मी तुला टाळ्या मिळवून दिल्या." त्यांनी कपाटातून कॅसेट काढून तिच्या हातात ठेवली, आणि बाकीच्या एकवीस विद्यालयांचे पत्तेही लिहून दिले. कार्मिनने कॅसेट परत मागणारी एकवीस पत्रं लिहिली. तिघांची उत्तरं आली. एकाने कॅसेट परत पाठवली. दुसऱ्याने लिहिलं की कॅसेट फार उपयुक्त आहे. तिसऱ्याने विचारलं की अशा आणखी मिळतील का.

ती पास झाली. अर्नाळ्याच्या बाजूच्या एका शाळेत तिला नोकरी लागली आणि तिने ती चांगली केली. मुलं पानी म्हणत, तिला ते ऐकू येई, आणि ती त्यांना दुसरी टोपली ठेवायला शिकवी, कारण त्यांनाही एक दिवस टेबलामागच्या तिघांसमोर उभं राहायचं होतं. ती कोणाला हसू देत नसे.

घरी मात्र काहीतरी निसटलं ते निसटलंच. सालोमी तिच्याशी बोलायची, पण कामापुरतं, तुटक. लेक समोर असली की ती शब्द जिभेवर आणून परत गिळते, हे कार्मिनला दिसत होतं. "आय, तू कशी पन बोल गो," असं ती दोनदा म्हणाली. सालोमी म्हणाली, "बोलते की." आणि चुलीकडे वळली.

पण शेजारणी आल्या की सालोमी पूर्वीसारखीच बोलायची. संध्याकाळी कार्मिन शाळेतून परतली की पुष्कळदा दारातून आईचा आवाज ऐकू यायचा. रोझलीनकाकूला काहीतरी सांगत असायची, बाजाराचं, भावाचं, कोणाच्या सुनेचं, भरभरून, मध्येच हसत. कार्मिनने आत पाऊल टाकलं की ते थांबायचं. म्हणून ती आत जात नसे. चपला हातात घेऊन ओट्याच्या कडेला, त्यांना दिसणार नाही अशी, भिंतीला टेकून उभी राहायची. आतला कान आपल्या सवयीने खुणा करत असायचा, तो काही तिला थांबवता आला नाही. तरी ती उभी राहायची, आईचं बोलणं संपेपर्यंत.